अडतीस नंबरचा हात

राजमणी इराबत्तीने एकोणीस वर्षांत एकही सदोष शर्ट पुढे जाऊ दिला नव्हता आणि एकही सदोष माणूस नजरेतून सुटू दिला नव्हता. शर्टांचे दोष ती कंपनीच्या वहीत लिहायची, माणसांचे डोक्यात. डोक्यातली वही जास्त जाड होती.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत ‘वल्लरी युनिफॉर्म्स’ नावाचा कारखाना होता. शाळांचे, इस्पितळांचे, वॉचमनांचे गणवेश तिथे शिवले जात. लांबच लांब ओळीत साठ बायका बसत. पहिली कॉलर करी, दुसरी खिसा, तिसरी बाही. तुकडा पुढे पुढे सरकत शेवटी शर्ट होऊन राजमणीच्या टेबलावर यायचा. तिने पलटून पाहिला, शिवण ताणली, बगलेत बोट घातलं आणि बाजूला ठेवला, म्हणजे शर्ट पास. नाक मुरडलं, म्हणजे अल्टर. शर्ट परत जायचा, आणि जिचा असेल तिच्या नावापुढे वहीत एक फुली पडायची. शिवणीकडे बघून ती कुणाची हे राजमणी सांगू शकायची. एवढंच नव्हे, तर शिवताना बाई कुणावर चिडलेली होती हेही सांगायची. ते खरं असो-नसो, कुणी नाकारत नसे.

मग आठडोळी आली.

तिचं कागदोपत्री नाव वेगळं आणि लांबलचक होतं, पण काचेच्या टेबलावर आठ कॅमेरे डोळे वटारून बसलेले पाहून बायकांनी पहिल्याच दिवशी बारसं उरकलं. शर्ट किंवा त्याचा शिवलेला भाग काचेवर पसरायचा, गठ्ठ्याच्या तिकिटावरचा, शिवणाऱ्या बाईच्या नंबरचा कोड दाखवायचा, आठ सेकंद थांबायचं. हिरवा दिवा लागला तर पास. लाल लागला तर दोष कुठे आहे ते पडद्यावर गोल करून दाखवायची.

“अक्का, आता तुम्हाला घरी बसवतात बघा,” ओळीतली विमल कुरापाटी म्हणाली. विमलच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

“बसवू देत की,” राजमणी म्हणाली. “मग तुझे वाकडे खिसे बघून रडायला कोण येतंय बघू.”

पहिल्या आठवड्यात दोघींची शर्यत लागली. आठडोळीने दोनशे बारा दोष धरले, राजमणीने दोनशे नऊ. उरलेले तीन दोष नाहीतच, तो कापडाचा स्वभाव आहे, असं राजमणीचं म्हणणं पडलं. राजमणीला घरी बसवलं नाही ते मात्र वेगळ्याच कारणाने. शर्ट पसरायला हात लागतो आणि सही करायला माणूस लागतं. चूक झाली तर यंत्राला कुणाच्या केबिनमध्ये बोलावणार?

आठडोळी दोष शोधायला आली होती, पण दोष शोधता शोधता ती हात ओळखायला शिकली. ते कसं, हे समजून घ्यायला हवं. शिलाई मशीन पूर्ण वेगात सेकंदाला साठ-पासष्ट टाके घालतं. टाका मशीन घालतं, पण कापड पुढे नेतो तो हात. माणसाचा कुठलाही हात पूर्ण स्थिर नसतो. निरोगी हातसुद्धा सेकंदाला दहाएक वेळा अगदी बारीक थरथरतो. त्याशिवाय कापड कुठे दाबायचं, कुठे सैल सोडायचं, वळणावर किती थांबायचं, ही प्रत्येकीची लकब वेगळी. या सगळ्याचा माग शिवणीत उरतो. कडेपासून टाका किती आत पडला, हे केसाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत मोजलं, तर प्रत्येक बाईची शिवण तिच्या अक्षरासारखी वेगळी दिसते. आठडोळीने सहा महिन्यांत साठही जणींची अशी कार्डं तयार केली. ती अर्थातच तिकिटावरून. एकतीस नंबरच्या तिकिटाच्या गठ्ठ्यावर जो हात दिसेल, तो एकतीस नंबरचा.

पुढची पायरी यंत्र बनवणाऱ्यांनाही अनपेक्षित होती. कंपवाताच्या रोगात हात सेकंदाला पाचएक वेळा, संथ लयीत हलतो. तसा हात मशीनवर असेल, तर दर बारा-तेरा टाक्यांमागे शिवणीत एक लाट येते. इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाही, गिऱ्हाइकाला कळत नाही, शर्टाचं काही बिघडत नाही. पण डॉक्टरला रोग कळण्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी ही लाट येते, असं चार गावांतल्या कारखान्यांच्या नोंदींवरून निघालं.

ही बातमी ऐकून डॉक्टर खूश झाले आणि विमा कंपन्या त्याहून खूश झाल्या. नियम आला. ज्या तिकिटावर लागोपाठ तीन दिवस लाट दिसेल, ती बाई मशीनवरून उठायची. पंधरा दिवसांत फेरतपासणी, मग कायमची पॅकिंगला, निम्म्याहून थोड्या जास्त पगारावर. रोग तपासणीत आढळला तर औषधपाण्याचा खर्च विमा देईल. माहीत असून लपवला, असं निघालं तर मात्र विमाही नाही आणि नोकरीही नाही.

नियम करणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. ती होती इस्त्रीच्या टेबलाखालची टोपली.

गावाकडे शेतात सावड असते. आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या. वल्लरीच्या बायकांनी ती मशीनवर आणली होती. कुणाचं मनगट धरलं, कुणाला कळा येताहेत, कुणाचं पोर तापाने फणफणलंय आणि तिचं लक्ष ठिकाणावर नाही, की तिने आपला गठ्ठा तिकिटासकट टोपलीत टाकायचा. जिचा हात मोकळा असेल तिने तो उचलायचा, शिवायचा, परत ठेवायचा. तिकीट मूळ बाईचंच. टोपलीतलं काम कुणी केलं हे विचारायचं नाही, केलेलीने सांगायचं नाही. कंपनीच्या लेखी ही तिकिटाची लबाडी होती आणि तिला शिक्षा होती घरी जाण्याची. राजमणीला टोपली माहीत होती. तिच्या दोन्ही वह्यांत मिळून ही एकच गोष्ट तिने कधी लिहिली नव्हती.

लाल लाट पहिल्यांदा उमटली ती विमलच्या, म्हणजे एकतीस नंबरच्या तिकिटावर.

मॅनेजर गड्डमसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून नियम वाचून दाखवला. एकोणतीस वर्षांची विमल बाहेर आली ती दोन्ही हात स्वतःच्याच डोळ्यांपुढे धरून. दुसऱ्या दिवशी ती मेंदूच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने बोटं नाचवायला लावली, सरळ रेषेत चालवलं, वळवलं आणि लिहून दिलं, काहीही नाही. तो कागद तिने साहेबांच्या टेबलावर आपटला.

“कागद बरोबर आहे,” गड्डमसाहेब म्हणाले. “पण डॉक्टरला दोन वर्षांनी दिसतं ते यंत्राला आत्ता दिसतं. त्यामुळे आत्ताचा कागद चालत नाही. असं विमावाले म्हणतात, मी नाही.”

“म्हणजे मी बरी आहे हे सिद्ध करायला दोन वर्षं आजारी पडायची वाट बघू?”

साहेबांनी डॉक्टरचा कागद फाइलला लावला. विमल पॅकिंगच्या टेबलावर खोकी भरायला लागली.

त्यानंतर जे झालं त्याने मात्र साहेबांची झोप उडाली. विमल उठली, तर आठ दिवसांत तीच लाट चव्वेचाळीस नंबरच्या तिकिटावर आली, आणि मग सत्तावीसच्या. ओळीत कुजबुज सुरू झाली की हे पसरतंय. कंपवात खोकल्यासारखा पसरत नाही हे कुणीतरी सांगितलं, पण सांगणारी स्वतःच चव्वेचाळीस नंबरच्या दोन खुर्च्या लांब जाऊन बसली. चहाच्या कपांवर नेलपॉलिशने नंबर आले. एकीने आपल्या मशीनला लिंबू बांधलं. आठडोळीला बांधायचं धाडस कुणी केलं नाही.

अखेर गुरुवारी यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. त्याचं नाव ओजस चांदोरकर. त्याने दिवसभर आठडोळीचं पोट उघडून पाहिलं आणि संध्याकाळी निकाल दिला, यंत्र ठणठणीत आहे. तिन्ही तिकिटांवरची लाट खरी आहे. शनिवारी अकरा वाजता विमा कंपनीला कळवायचं आणि तिघींना कायमचं पॅकिंगला टाकायचं, असं ठरलं.

राजमणी शेजारीच उभी होती. लाल दिवा लागलेले गठ्ठे तिच्याच कपाटात होते. तिने एकतीसचा खिसा उचलला आणि सवयीने शिवणीचं तोंड पाहिलं. मग चव्वेचाळीसचं, मग सत्तावीसचं. तिन्हींत पहिला टाका बाकीच्यांपेक्षा किंचित आखूड होता. सुई आधी हाताने चाक फिरवून कापडात उतरवायची आणि मग पाय दाबायचा, म्हणजे असा टाका पडतो. ही जुनी, मंद, फुकट वेळ घालवणारी सवय होती. ती तिच्या सासूची. सासूने ती दोन्ही सुनांना लावली होती. थोरली सून राजमणी आता शिवत नव्हती. धाकटी अनसूया अडतीस नंबरच्या मशीनवर बसत होती.

“ओजस,” राजमणीने विचारलं, “ही लाट येते त्या माणसाला आणखी काय काय होतं रे?”

दिवसभरात त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. तो खुलला. “खूप काही होतं, काकू. थरथर लोकांना दिसते, पण ती उशिरा. त्याआधी वास येईनासा होतो, कित्येक वर्षं आधी. आवाज बारीक होतो. अक्षर लहान लहान होत जातं. चालताना एक हात हलत नाही, पाय मागे पडतात. वस्तू हातातून निसटतात. आणि चेहरा. चेहऱ्याचे स्नायूच आखडतात. माणूस आतून हसत असतो, चेहरा मात्र दगडाचा. घरच्यांना वाटतं, शिष्ट झालाय.”

“काकू नको म्हणूस,” राजमणी म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं.

दोघी जावा एकाच घरात राहत. एक स्वयंपाकघर, दोन ओटे. सहा वर्षांपूर्वी वाटणीत सासूबाईंचा पीठ वाटायचा ग्राइंडर धाकटीकडे गेला आणि तेव्हापासून दोघींत कामापुरतं बोलणं उरलं. तेही तेलुगूत, कारण घरचं भांडण त्यांच्याकडे तेलुगूतच होतं. मराठी कारखान्यात. डोक्यातल्या वहीत सगळ्यात जास्त पानं अनसूयाची होती, आणि गेल्या वर्षभरात तर ती भराभर भरली होती.

गुरुवारी संध्याकाळी शेअर रिक्षात बसल्या बसल्या राजमणीने ती पानं उलटली. अनसूया माझ्या ओट्यावर चहा सांडते. मुद्दाम. भांडी आपटते. मला ऐकवायला. दूध करपून वासाने घर भरलं तरी तिथेच ढिम्म बसून राहते, कारण दूध माझं. माझ्या नातीच्या बारशाला आली आणि पाहुण्यांपुढे दगडासारखी बसली, ओठ हलला नाही. बोलते ती इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागावं. दूधवाल्याच्या कॅलेंडरवर आकडे मुंगीएवढे लिहिते, मला वाचता येऊ नयेत म्हणून. रस्त्याने माझ्या मागे मागे चालते, सोबत दिसू नये म्हणून.

एकही नोंद चुकली नव्हती. तारखांसकट सगळं बरोबर होतं. फक्त दोष कशाचा, तो रकाना वर्षभर चुकीचा भरला गेला होता.

शुक्रवारी सकाळी राजमणी स्वयंपाकघरात आली तेव्हा अनसूया आपल्या ओट्याशी उभी होती. तिच्याच पातेल्यातलं दूध तळाला लागलं होतं. वास दारापर्यंत आला होता.

“दूध करपतंय,” राजमणी म्हणाली.

“कुठं?” अनसूयाने विचारलं, आणि मग पातेल्यात पाहिलं.

राजमणीने पुढे होऊन गॅस बंद केला. त्या ओट्याला तिने सहा वर्षांत हात लावला नव्हता. “वास आला नाही तुला?”

“सर्दी आहे.”

“कधीपासून?”

अनसूयाने पातेलं खाली उतरवलं. “दोन वर्षं झाली.”

“हात दाखव.”

“तुम्ही काय डॉक्टर आहात, अक्का?”

“चेकर आहे. दाखव.”

अनसूयाने उजवा हात पदराखालून काढून ओट्यावर ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर हळूहळू फिरत होते, जपमाळ ओढल्यासारखे. तिने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला.

“एकतीस, चव्वेचाळीस, सत्तावीस,” राजमणी म्हणाली. “तिन्ही तूच शिवलंस.”

“दोन महिने मी माझ्या तिकिटाला हात लावलेला नाही. माझं टोपलीत टाकते, दुसऱ्यांचं उचलते. हे असं काही असेल म्हणून भीती वाटत होती. माझं कार्ड तेवढं साफ राहील, असं वाटलं. दुसऱ्या कुणाला लागेल, हे डोक्यातच नाही आलं. विमलचं कळलं तेव्हा दोन दिवस घास गिळला नाही, पण थांबले असते तर माझंच तिकीट लाल झालं असतं.”

“आणि तोंड का नाही उघडलंस?”

“उघडून काय सांगू? टोपली आहे हे सांगू? चार पोटुशा पोरी आहेत ओळीत. त्यांचं निम्मं काम टोपलीत असतं. सगळ्या घरी जातील.” ती थांबली. हळू आवाज आणखी खाली गेला आणि राजमणी ऐकायला पुढे झुकली. “आणि तुमचे दीर तीन वर्षं घरी आहेत, माग बंद झाल्यापासून. माझी नोकरी गेली, विमा गेला, तर औषध कुठून आणू?”

“मला तरी सांगायचंस.”

“तुम्हाला?” अनसूयाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. राजमणीला आता ठाऊक होतं की ते उमटणारच नाही. “सहा वर्षं तुम्ही माझ्याकडे अल्टरच्या शर्टाकडे बघावं तसं बघता. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, नाटकं करते.”

म्हणाली असती. राजमणीने ते मनात कबूल केलं, मोठ्याने नाही. एका सकाळीत सगळंच कसं कबूल करणार?

“उद्या अकरा वाजता तिघींचं ठरतंय,” ती म्हणाली. “विमलची चूक नाही.”

“माहितीय. सांगा तुम्ही. माझं नाव घ्या, अडतीस नंबर म्हणा.” अनसूयाने करपलेलं दूध मोरीत ओतलं, निम्मं बाहेर सांडलं. “टोपलीचं तेवढं घेऊ नका.”

नाव घ्यायचं आणि टोपली नाही घ्यायची. शुक्रवारी दिवसभर राजमणी शर्ट पलटत होती आणि हे गणित घालत होती. अडतीसचा हात एकतीसच्या तिकिटावर आला कसा, हे सांगितल्याशिवाय विमल सुटत नव्हती. बायकांनी गठ्ठे बदलले म्हटलं, तर टोपली उघडी. अनसूयाने मुद्दाम बदलले म्हटलं, तर तिने रोग लपवला, म्हणजे विमा गेला. गठ्ठा बाईच्या हातून निघतो आणि आठडोळीखाली जातो. या दोन जागांच्या मध्ये तिकिटाला हात लागतो तो एकाच माणसाचा.

शनिवारी पावणेअकराला ती दोषांची वही घेऊन केबिनमध्ये शिरली. विमल आणि दुसऱ्या दोघी बाहेर बाकावर होत्या. आत गड्डमसाहेब आणि ओजस.

“साहेब, ते तिन्ही लाल गठ्ठे मी बघितले. हात एकच आहे. अडतीस नंबरचा.”

“अनसूयाबाई? तुमच्या जाऊबाई?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

“अडतीसच्या तिकिटावर लाट कुठंच नाही,” ओजस म्हणाला.

“नसणारच. तिकिटं माझ्याकडून बदलली गेली.” राजमणीने वही टेबलावर ठेवली. “चार-चार गठ्ठ्यांची तिकिटं मी आधी काढून काचेच्या कडेला लावते आणि एकामागून एक दाखवते. वेळ वाचतो. त्यात इकडची तिकडे झाली.”

“एखाद्या दिवशी झाली असतील. इथे महिन्याभराच्या नोंदी आहेत.”

“महिनाभर झाली.”

ओजस संगणकाकडे वळला. त्याला हे पटत नव्हतं, आणि पटत नाही ते मोजायचं, हा त्याचा धर्म होता. “तसं असेल तर अडतीसच्या तिकिटावर भलतेच हात दिसायला हवेत.” त्याने अडतीसच्या नोंदी पडद्यावर उघडल्या. “दिसतायत. तीन... नाही, पाच हात आहेत. यंत्राने त्यांची सरासरी काढून एकच कार्ड केलंय.” तो मागे वळला. “पाच?”

“घाईत होते,” राजमणी म्हणाली.

गड्डमसाहेबांची आई याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात काजं करत म्हातारी झाली होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

“राजमणीबाई, तुमची एकोणीस वर्षांची फाइल आहे माझ्याकडे. तक्रारीचा एक कागद नाही त्यात. हे लिहिलं, तर तुमच्या नावावर लिहावं लागेल.”

“माहितीय.”

“टेबल जाईल.”

“जाऊ दे.”

“आणि स्वतःच्या जावेचं नाव देताय तुम्ही. नीट विचार केलाय ना?”

“दोष दिसला की लिहायचा. त्याचाच पगार देता ना, साहेब? लिहा. तपासणीत आढळला असं लिहा. तपासणीत, हा शब्द तेवढा ठळक करा.”

साहेबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तो शब्द ठळक केला. मग कारणाच्या रकान्यात सावकाश लिहिलं, चेकरची चूक.

सगळ्यात समाधानी होता ओजस. यंत्र बरोबर निघालं होतं आणि माणूस चुकला होता. त्याने पुण्याला तसं कळवलं. साठही जणींची कार्डं पुसून नवी करायची, आणि पुढच्या वर्षीच्या आठडोळीला तिकिटाशी माणसाचा संबंधच येऊ द्यायचा नाही, अशी शिफारस त्यात होती. टोपली इस्त्रीच्या टेबलाखाली होती तिथेच राहिली. नवी कार्डं बनायला लागली, त्यांत कुणाचे किती हात मिसळले हे आठडोळीला कळायला आणखी सहा महिने होते.

अनसूयाला डॉक्टरने कंपवात सांगितला. लवकर सापडला म्हणाले, गोळ्यांवर बरीच वर्षं नीट जातील. विम्याने कागद बघून मान्य केलं. ती पॅकिंगला गेली. राजमणीला शेजारच्या टेबलावर बसवलं, धागाकटिंगला; शर्टाची उरलेली सुतं कात्रीने उडवायचं काम, जे नव्या पोरींना पहिल्या आठवड्यात देतात. तिच्या जागी बावीस वर्षांची एक मुलगी आली. तिने पास केलेले खिसे बघून राजमणीची बोटं शिवशिवायची.

ओळीने आपला हिशोब चुकता केला. राजमणीने जावेवर डूख धरून तिचं नाव साहेबाला दिलं, हे एक. आणि स्वतःच्या गबाळेपणाने तीन निर्दोष बायकांना घोळात घातलं, हे दुसरं. दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या असतील, हे कुणी तपासून पाहिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिच्या डब्याशेजारी कुणी डबा उघडेना.

विमल मशीनवर परत आली त्या दिवशी जेवायच्या आधी सरळ धागाकटिंगच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“एकोणीस वर्षं आमच्या एकेका टाक्याला नावं ठेवलीत, अक्का. आणि स्वतःला चार तिकिटं सांभाळता आली नाहीत? सतरा दिवस खोकी भरली मी. घरी नवरा रोज म्हणायचा, ग्लास धरून दाखव, सांडतं का बघू. माझी पोरगी माझ्या हातून जेवेना झाली. तुम्हाला काय त्याचं?”

आजूबाजूचे डबे उघडायचे थांबले.

राजमणीने कात्री खाली ठेवली. “चुकलं माझं, विमल,” ती म्हणाली. “मी नीट बघितलं नाही.”

हे वाक्य तिच्या तोंडून त्या छपराखाली कुणी ऐकलेलं नव्हतं. विमलने पुढचं बरंच काही तयार करून आणलं होतं, ते सोडून ती टेबलावरची सुतं झटकायला लागली.

पलीकडे अनसूया उठायला लागली. एक हात खोक्यावर टेकून, हळूहळू. उभी राहिल्यावर तिने तोंड उघडलं. “विमल, अगं, ते तसं...” आवाज इतका बारीक की राजमणीखेरीज कुणाच्या कानापर्यंत पोचला नाही.

“बस खाली!” राजमणी खेकसली. “तुला कुणी विचारलंय? हातातलं खोकं संपव आधी.”

अनसूया तशीच उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. अनसूयाचा चेहरा हलला नाही. मग ती बसली आणि खोकं पुढे ओढलं.

“बघितलंस का गं?” मागे कुणीतरी ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालं. “आजारी बाईला तरी सोडावं की नाही? कसला हा दावा म्हणायचा!”

राजमणीने कात्री उचलली आणि पुढचा शर्ट घेतला.